काळ्या पाषाणातील निळाई



आजचा विषय निळ्या रत्नाचा आहे असे जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून विचारले, की नीलम कोणाला लाभतो आणि कोणाला बाधतो, तेवढे आधी सांगून टाका. एका गृहस्थांनी तर बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली आणि खरे-खोटे विचारले. मी जोशी नव्हे आणि जवाहिऱ्याही नव्हे. अंगठी त्यांची त्यांना परत केली आणि व्याख्यानाला यावयास सांगितले. ते आले असतील तर त्यांची निराशा होणार आहे, कारण आज मी ज्या निळ्या खड्याविषयी बोलणार आहे तो कोणत्याही अंगठीत बसण्यासारखा नाही. त्याला शनी मानत नाही, सराफ मानत नाही. आणि तरीही जगात जिथे जिथे दगड हौसेने जमविणारी माणसे आहेत तिथे तिथे तो आपल्या पुणे जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचे नाव कॅव्हन्साइट. तो निघतो वाघोलीच्या दगडखाणीतून. काटेवाडीपासून सरळ रेषा ओढली तर वाघोली शंभर किलोमीटरही भरणार नाही.

परंतु नीलमाला टाळून पुढे जाणे बरे नव्हे, कारण निळा खडा म्हटला की आपल्या मनात तोच येतो. नीलम म्हणजे कुरुंद. ज्या कुरुंदाच्या चाकावर आपल्याकडे विळे-सुऱ्यांना धार लावतात, त्याच खनिजाचा तो निवळ आणि रंगीत भाऊ. माणिकही तेच. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचा हा स्फटिक शुद्ध असेल तर पाण्यासारखा असतो. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की माणिक होते, लोह आणि टिटॅनियम हे दोघे मिळून शिरले की नीलम होतो. फ्रीड्रिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची शिडी बसविली, तिच्यात नीलम नवव्या पायरीवर आहे, त्याच्यावर फक्त हिरा. नीलम पिढ्यान्‌पिढ्या अंगठीत टिकतो तो या कठीणपणामुळे. शनीचा त्यात काही संबंध नाही.

आपल्या जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतून त्याला इंद्रनील म्हटले आहे, आणि त्याची जन्मभूमी म्हणून सिंहलद्वीप सांगितले आहे. गरुडपुराणात रत्नांची प्रकरणे आहेत, त्यांत एक परीक्षा मोठी गमतीची आहे. जो खडा दुधात टाकला असता सारे दूध निळे भासते, तो महानील. आता दूध काही निळे होत नाही. पण ही परीक्षा लिहिणाऱ्याला रंगाचे किती वेड असले पाहिजे! त्या रंगापुढे पुढच्या लोकांनी भीती उभी केली. नीलम तारतो तरी नाही तर मारतो, म्हणून तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहावयाचे आणि मग विकत घ्यावयाचा, ही रीत आपणांपैकी पुष्कळांच्या घरी ऐकिवात असेल. साडेसातीने गांजलेला माणूस पैशाची ओढ असतानाही नीलम घेतो. मी त्याची थट्टा करणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या निळ्याची आपण इतकी भीती आणि इतकी हौस बाळगली, तो सदैव बाहेरून आला. सिंहलातून आला, ब्रह्मदेशातून आला, आणि १८८१ च्या सुमारास काश्मीरात पाडरच्या डोंगराचा कडा ढासळून नीलम उघडा पडल्यावर तिकडूनही आला.

निळा रंग परका असल्याची साक्ष अजिंठ्यातही आहे. तेथली चित्रे आपल्याच काळ्या पाषाणात कोरलेल्या लेण्यांच्या भिंतींवर आहेत. तांबडी गेरू, पिवळी माती, हिरवी माती ही आसपासच्या डोंगरांत मिळणारी. पण पाचव्या शतकातल्या चित्रांत जो खोल निळा दिसतो तो राजावर्ताचा, म्हणजे लाजवर्दाचा आहे, आणि त्याच्या खाणी अफगाणिस्तानात बदक्शानच्या डोंगरांत. तो दगड हजारो कोस तांड्यांबरोबर येऊन दख्खनच्या भिंतीवर चढला. रंगाऱ्याने तो हात राखून वापरला असेल, हे वेगळे सांगावयास नको. पुढे फ्रान्समधल्या गिमे नावाच्या रसायनज्ञाने १८२८ च्या सुमारास हाच रंग भट्टीत तयार करून दाखविला आणि तो इतका स्वस्त झाला, की पांढऱ्या कपड्यांना द्यावयाच्या निळीत तो आपल्या घरोघर पोहोचला. तुकोबांची पालखी काटेवाडीस येते तेव्हा परीट मंडळी तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतात. त्या शुभ्रपणाला निळीची झाक असतेच. बदक्शानचा राजावर्त आणि परटाची नीळ एकाच गोत्रातली, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार मौज वाटली होती.

बाहेरून आलेल्या आणि बाहेर गेलेल्या निळसर खड्याची आणखी एक हकीकत महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. नाशिकचा हिरा म्हणून जो जगप्रसिद्ध आहे, तो गोवळकोंड्याच्या खाणींतला, त्र्यंबकेश्वरच्या शंकरापाशी होता असे सांगतात. निळसर झाकेचा पांढरा हिरा. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाचे राज्य गेले तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनच्या बाजारात विकला गेला. तेव्हा त्याचे वजन नव्वद कॅरटच्या आसपास होते. पैलू पुन्हा पुन्हा पाडता पाडता आज ते ४३.३८ कॅरटवर आले आहे. राज्य गेले की रत्ने जातात. दु:ख झाले तरी त्यात नवल नाही. परंतु जे रत्न आपल्याच जमिनीत होते, कोणी लुटले नाही, कोणी जिंकून नेले नाही, आणि तरीही आपल्या डोळ्यांदेखत खडीच्या यंत्रात गेले, त्याची कथा निराळी आहे.

त्यासाठी आधी खडकाकडे वळू. आपण सारे ज्या जमिनीवर बसलो आहोत ती एका प्रचंड अग्निप्रलयाची साय आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून पातळ शिलारस वाहिला, पसरला, थिजला. त्याच्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. असा हा थरांचा ढीग आज झिजून उरला आहे तरी पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. सह्याद्रीच्या पायऱ्या पायऱ्या दिसतात त्या या थरांच्या. पायरीला स्वीडिश भाषेत जो शब्द आहे त्याच्यावरूनच युरोपीय पंडितांनी या खडकाला ट्रॅप म्हटले. मुंबई सरकारचे आकडेवारीचे काम पाहणारा कर्नल साइक्स १८२०-३० च्या दशकात दख्खनभर हिंडला आणि त्याने या खडकाचे वर्णन विलायतेच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे १८३३ साली वाचले. हा गृहस्थ मोठा चौकस. पिके, वजनमापे, मासे, पाखरे, काही म्हणून सोडले नाही त्याने.

शिलारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. भाकरी शेकताना पापुद्र्याखाली हवा राहावी तसे. पुढे लाखो वर्षे ऊन पाणी या खडकातून झिरपत राहिले. त्याने खडकातला चुना, सिकता, सोडा विरघळवून त्या पोकळ्यांत आणून ठेवला आणि तिथे स्फटिक वाढले. आपल्याकडे विहीर खणताना मुरूम संपून काळा पाषाण लागला, सुरुंग उडाला, की बाहेर पडणाऱ्या दगडांत पांढरे, मोतिया, सुयांच्या जुडग्यांसारखे चमकणारे जे असते ते हेच. बारामती-इंदापूरच्या जिरायती टापूत विहिरी किती खोल गेल्या आहेत हे मी आपणांस काय सांगावे! लहानपणी त्या ढिगांवर चढून आम्ही असे दगड वेचीत असू. वडील मंडळी ‘गारा’ म्हणून टाकून द्यावयास सांगत, आणि हाताला काच भरेल म्हणून रागावत. त्यांत गारगोटी असे, कॅल्साइट असे, आणि पुष्कळदा झिओलाइट असत.

झिओलाइट हे नाव १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजज्ञाने ठेवले. त्याचा अर्थ उकळणारा दगड. या स्फटिकांच्या बांधणीत जाळीसारख्या पोकळ्या असून त्यांत पाणी बसलेले असते. फुंकणीच्या ज्योतीत धरले की ते पाणी उकळून बाहेर पडते आणि दगड फेसाळतो. जगात झिओलाइट पुष्कळ ठिकाणी आहेत, परंतु दख्खनसारखे मोठे, स्वच्छ आणि विपुल क्वचितच. १८३० च्या सुमारास अशाच एका खनिजाला विलायतेत पुण्याच्या नावावरून ‘पूनालाइट’ असे नाव दिले गेले. पुढे ते नवे खनिज नसून आधीच्या माहितीतलेच निघाले आणि नाव पुसले गेले; पण पुण्याचा दगड तेव्हाच तिकडे पोहोचला होता.

मग आला भोर घाट. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून आगगाडीचा रस्ता नेला गेला. पंचवीस बोगदे फोडले गेले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून जास्त मजूर त्या डोंगरात राबत होते. पटकी, ताप, कडे कोसळणे, सुरुंगाचे अपघात यांत किती माणसे गेली याचा हिशेब लावताना आजही इतिहासकार चाचपडतात. बोगद्यांतून निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे सुंदर घोस मात्र नीट कापसात गुंडाळून युरोपात गेले आणि तेथल्या संग्रहालयांत मांडले गेले. ते पाहून तेथले लोक थक्क झाले. आमच्या इतिहासात भोर घाटाचे वर्णन पुष्कळ आहे. या दगडांचे नाव कोणी काढीत नाही. आमच्या मजुरांनी फोडलेल्या डोंगराची दौलत काय होती, हे आम्हांला दुसऱ्याच्या कपाटात पाहावे लागले.

तिथे पांढरे होते, गुलाबी होते, हिरवे होते. पाषाण गावच्या खाणींनी तर पुढे हिरव्या अपोफिलाइटसाठी नाव मिळविले, आणि गावाचे नावच पाषाण असावे हा योग पाहा. निळे मात्र नव्हते.

निळे सापडले ते आधी अमेरिकेत. १९६० च्या दशकात ऑरेगॉन राज्यातल्या ओवायही धरणाजवळ आणि गोबल येथील खाणीत एका निळ्या खनिजाचे बारीक कण काही हौशी संग्राहकांच्या नजरेस आले. स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे या तिघांनी त्याचा अभ्यास करून १९७३ साली वर्णन प्रसिद्ध केले. घटकांची आद्याक्षरे जुळवून नाव बनविले: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट, म्हणून कॅव्हन्साइट. त्याच घटकांचे, पण बांधणी निराळी असलेले दुसरे एक निळे खनिज त्याच्याजवळच सापडले. त्याचे जुळे स्फटिक पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे दिसतात म्हणून ते पेंटागोनाइट. ही दोन्ही पुढे वाघोलीतही निघाली. ऑरेगॉनचे कण भिंगाखाली पाहावे लागत.

१९७३ हे साल आपण विसरू शकत नाही. १९७२ चा दुष्काळ उन्हाळ्यापर्यंत लांबला होता आणि महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. बारामती-इंदापूरकडची कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडीत होती. ज्या वर्षी अमेरिकेतल्या नियतकालिकात या निळ्या खनिजाचे नाव पहिल्यांदा सविस्तर छापले गेले, त्या वर्षी महाराष्ट्रातली लक्षावधी माणसे त्याच जातीच्या काळ्या दगडावर हातोडा मारीत होती. यात कार्यकारण काही नाही. तरी या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींपासून सुटत नाहीत.

वाघोली ही पिलाजी जाधवरावांची. शाहू महाराजांच्या काळातल्या त्या थोर सरदाराची समाधी वाघेश्वराच्या देवळापाशी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाघोली एवढ्यासाठीच ठाऊक असे. पुढे नगर रस्त्याकाठच्या या माळावर दगडखाणी सुरू झाल्या. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुणे वाढत गेले. वाढत्या शहराला खडी पाहिजे. खाणीत काम कसे चालते हे आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भोके पाडावयाची, सुरुंग भरावयाचे, उडवावयाचे. मोठे धोंडे पहारीने आणि घणाने फोडून ट्रॅक्टरमध्ये भरावयाचे. यंत्रात घालून खडी, ग्रिट, चुरा करावयाचा. हिशेब ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. या हिशेबात निळ्या दगडाला जागा नाही. उलट पोकळ्यांचा, गारांचा दगड म्हणजे कमअस्सल माल.

१९७० च्या दशकात पुण्याच्या आसपासच्या कॅव्हन्साइटची नोंद होऊ लागली, आणि १९८८-८९ च्या सुमारास वाघोलीच्या खाणीत अशा पोकळ्या लागल्या की सारे संग्राहकविश्व हलले. भिंगाची गरज उरली नाही. बोराएवढे, सुपारीएवढे, टोकदार स्फटिकांचे गोल घोस, शेवंतीच्या फुलासारखे. खाली दुधाळ स्टिल्बाइटची बैठक आणि वर हा गडद, विजेसारखा निळा. ज्याने मोरपीस पाहिले आहे त्याला मी रंग समजावून देत बसत नाही. मोरपिसातला हिरवा काढून टाका म्हणजे झाले. खाणीचा तो भाग अखंड पाषाणाचा नाही, तुटक्या-फुटक्या खडकाचे तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून झालेला आहे. त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून ऊन पाणी मोकळे खेळले. आधी ह्यूलॅंडाइट आणि स्टिल्बाइट जमले, आणि बहुधा अगदी शेवटी, पाण्याने गोळा करून आणलेले व्हॅनेडियम निळ्या रूपाने वर येऊन बसले.

हे व्हॅनेडियम म्हणजे या कथेतला खरा रंगारी. आपल्या काळ्या पाषाणात ते असते, पण दहा लाख भागांत दोन-तीनशे भाग, आणि तेही इतर खनिजांत विखुरलेले. ते सुटून, एकत्र येऊन, चुना आणि सिकता यांच्याशी योग्य प्रमाणात मिळून, योग्य उष्णतेला थिजावे लागते. इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात म्हणूनच पाच लाख चौरस किलोमीटरांच्या पठारात हे खनिज वाघोलीच्या काही खाणींत येऊन भेटते. १८३० साली सेफस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने या धातूला नाव दिले ते त्यांच्या पुराणातल्या सौंदर्यदेवतेचे, वानादिसचे, कारण याचे क्षार अनेक सुंदर रंगांचे होतात. एरवी तो पोलाद चिवट करण्याच्या कामी येतो.

याच धातूने त्याच दशकात दुसरीकडे आणखी एक निळे रत्न घडवून ठेवलेले सापडले, आणि त्यात आपल्या शेजारच्या गोव्याचा एक माणूस आहे. टांझानियात किलिमांजारोच्या परिसरात, मेरेलानीच्या टेकड्यांत, १९६७ साली पारदर्शक निळा-जांभळा खडा मिळाला. आरुषा गावात शिवणकाम करणारे, मूळचे गोव्याचे मॅन्युएल डिसोझा यांना खाणी धुंडाळण्याचा नाद होता. त्यांनी त्या जागेचा दावा नोंदविला. आधी त्यांना तो नीलमच वाटला. तपासणीत झोइसाइट नावाचे जुने खनिज निघाले, व्हॅनेडियमच्या अंशाने निळे झालेले. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीला हा खडा आवडला, पण नाव आवडेना. इंग्रजीत ‘झोइसाइट’ हा उच्चार आत्महत्येच्या शब्दाजवळ जातो. त्यांनी देशावरून ‘टांझानाइट’ असे नवे नाव ठेवून १९६८ साली तो बाजारात आणला आणि तो रत्न झाला. डिसोझा १९६९ साली मोटारीच्या अपघातात वारले. १९७१ मध्ये सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. आणि पहिला खडा उचलला कोणी? जुमाने न्गोमा नावाच्या स्थानिक माणसाचा हक्क टांझानियाच्या सरकारने उशिरा मान्य केला. २०१८ साली राष्ट्राध्यक्षांनी त्याला जाहीर समारंभात बोलावून बक्षीस दिले, तेव्हा तो म्हातारा झाला होता.

हा दाखला मी मुद्दाम आणला. दोन्ही निळे एकाच धातूचे; एक अंगठीत गेला, दुसरा कपाटात. टांझानाइट मोसच्या शिडीवर सहा-सातच्या पायरीवर आहे, जपून वापरला तर दागिना होतो. आपला कॅव्हन्साइट तीन-चारवर. तांब्याचे नाणे त्याला भारी पडेल. शिवाय त्याच्या पोटात पाणी आहे; तापविला की ते निघून जाते. टाचणीसारखे त्याचे स्फटिक बोट लागले तरी मोडतात. कोणी हौसेने त्याचे घोटीव खडे करतात, पण ते म्हणजे मोगऱ्याचे फूल इस्त्री करण्यासारखे आहे. त्याला पैलू पाडावयाचे नसतात. पृथ्वीने जसा ठेवला तसाच पाहावयाचा. रत्न कशाला म्हणावे, याची आमची व्याख्या जवाहिऱ्याने केलेली: कठीण पाहिजे, घासता आले पाहिजे, अंगावर घालता आले पाहिजे. जो खडा या परीक्षेत बसत नाही तो गार. आणि गार म्हटली की खडीच्या ढिगावर.

या निळ्याला किंमत आली ती जर्मन, अमेरिकन, जपानी संग्राहकांच्या मागणीने. दरवर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टूसॉन शहरी दगडांची मोठी जत्रा भरते. तिथल्या मेजांवर वाघोली पोहोचली. मग इकडे खाणींत सुरुंग उडाला की पोकळ्यांवर नजर ठेवणारी माणसे तयार झाली. खडी फोडणारा मजूर, त्यात पिढीजात दगडकाम करणारे आमचे वडार बांधव पुष्कळ, स्फटिक न मोडता पोकळी कशी उघडावी हे स्वत:च्या बोटांनी शिकला. घणाने नव्हे, लहान छिन्नीने, कडेकडेने. ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवीत नव्हते. दगड त्याच्याकडून मध्यस्थाकडे, मध्यस्थाकडून व्यापाऱ्याकडे, तिथून सातासमुद्रापार गेला. आणि प्रत्येक हाताला त्याची किंमत चढत गेली, हे या सभेत कांद्याचे शेतकरी बसले असताना मी फोड करून सांगण्याची गरज नाही.

मागणीबरोबर लबाडीही आली. निळा गोळा तुटून सुटा झाला तर तो पांढऱ्या स्टिल्बाइटवर गोंदाने चिकटवून विकू लागले. असा नमुना भिंगाने पाहिला, की बुडाशी गोंदाची चकाकी किंवा दगडाचा चुरा भरलेला दिसतो. दुसरी लबाडी चिठ्ठीची. दख्खनच्या कोणत्याही कोपऱ्यातला स्फटिक असला तरी चिठ्ठीवर ‘पूना’ लिहून मोकळे व्हावयाचे; नाशिक, जळगाव, राहुरी सगळे पुणेच. काही जणांनी खाण दुसऱ्याला कळू नये म्हणून असे केले, काहींना खरोखरच पत्ता ठाऊक नव्हता. खनिजाच्या अभ्यासकाला या दुसऱ्या लबाडीने जास्त नुकसान होते. गोंद काढता येतो. हरवलेला पत्ता पुन्हा मिळत नाही.

आता परिस्थिती अगदीच कोरडी आहे असे नाही. पुणे विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी वाघोलीच्या कॅव्हन्साइटचा क्ष-किरणांनी आणि उष्णतेने अभ्यास केला. नाशिकजवळ सिन्नरला कृष्णचंद्र पांडे यांनी २००१ साली केवळ या दगडांसाठी ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय उभे केले. नाव मोठे समर्पक. ज्या शब्दाने आम्ही दगड फेकून देत होतो, तोच दारावर लावला. शिर्डीला जाताना तासभर मोडून तिथे जावे. निळा कॅव्हन्साइट तिथे पाहावयास मिळतो, आणि मुलांना पावलीच्या भोवऱ्याइतका आनंद होतो.

वाघोली गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. माळावर इमारती उभ्या राहिल्या; ज्या खाणींच्या खडीने पुणे बांधले, त्यांच्याच काठापर्यंत पुणे येऊन भिडले. शेजारी घरे झाली म्हणजे सुरुंगाला बंधने येतात, यात गैर काही नाही. पण खाणीची कड झाकली गेली म्हणजे तिच्यामागची पोकळीही झाकली जाते.

तेव्हा माझी आपल्याकडे एक साधी मागणी आहे. आपल्या शेतात विहीर खोल करण्याचे काम निघेल, रस्त्यासाठी टेकडी कापली जाईल, तेव्हा ढीग भरून नेण्यापूर्वी घरातल्या एखाद्या मुलाला त्याच्यावर चढू द्या. वाघोलीची निळाई आपल्या विहिरीत नसेल, तिची पांढरी भावंडे असतातच. मिळाला तो दगड ॲसिडने धुऊ नका, पाण्याने आणि मऊ कुंचल्याने धुवा. सुयांचे जुडगे असेल तर पाण्याचाही हात लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा, आणि आत एक चिठ्ठी टाका: गावाचे नाव, गट नंबर, किती परस खोलीवर लागला, तारीख, आणि ज्याने फोडून काढला त्या माणसाचे नाव.